चेहरा नसलेली बाई

सांगलीच्या आमच्या घरी केबल आली ती १९९६ च्या उन्हाळ्यात, आणि त्या सुट्टीत मी आणि माझ्या धाकट्या भावाने रोजची दुपार कार्टून पाहण्यात घालवली. दोनच्या सुमारास भांडी घासायला येणाऱ्या मावशी काम आटोपून, पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याशी टेकत, आणि टॉमच्या पाठीत झाडू बसू लागला की आमच्याहून मोठ्याने हसत. तो झाडू जिच्या हातात असे, त्या बाईचे पडद्यावर बहुतेक वेळा पायच दिसत. जाड पोटऱ्या, घोट्यापाशी गोळा झालेले मोजे, घरातल्या सपाता आणि वर कुठेतरी एप्रनची किनार. एके दिवशी मावशींनी विचारले, "काय गं पोरी, ह्या बाईचं त्वांड का दावत न्हाईत?" मी सांगितले, की गोष्ट मांजराची आणि उंदराची आहे, म्हणून. त्यावर थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "मग घर कुणाचं हाय?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. मला ती घराची मालकीणच वाटत असे, कारण टॉमला घराबाहेर काढण्याचा अधिकार तिच्याकडे होता आणि फ्रिजमधल्या जिनसांवर नजरही तीच ठेवत असे. ती दुसऱ्याच्या घरी राबणारी असू शकेल, हे त्या उंबऱ्यावर टेकलेल्या मावशींना मात्र पहिल्या दोन-चार दिवसांतच जाणवले असावे.

अमेरिकेत येऊन काही वर्षे झाल्यावर मला तिचे नाव कळले. मॅमी टू शूज. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत केलेल्या १९४० च्या पहिल्याच लघुपटापासून ती 'टॉम अँड जेरी'च्या या मालिकेत होती आणि १९५२ पर्यंत राहिली. तिला आवाज देत होत्या लिलियन रँडॉल्फ. त्या स्वतः कृष्णवर्णीय अभिनेत्री होत्या आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव येत नसे. 'मॅमी' हा शब्द एका व्यक्तीचा नाही, तो एक साचा आहे. गुलामगिरीच्या काळापासून गोऱ्या अमेरिकेने आपल्या समाधानासाठी घडवलेली ती आकृती: धिप्पाड, एप्रन बांधलेली, मालकाच्या घरातच सुखी असलेली, जिला स्वतःचे घर किंवा स्वतःची लेकरे असतील असे कुणाच्या मनातही येऊ नये. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने अशा चित्रणांवर वर्षानुवर्षे आक्षेप घेतला आणि तो सर्वथा रास्त होता.

त्या आक्षेपाला मिळालेल्या उत्तराने मी जास्त अस्वस्थ होते. १९६० च्या दशकात हे लघुपट दूरचित्रवाणीवर दाखवायचे ठरले, तेव्हा कार्टून-दिग्दर्शक चक जोन्स यांच्या चमूने काही लघुपटांमधली तिची दृश्ये नव्याने रेखाटून घेतली आणि तिच्या जागी गोरी बाई आणली. आवाजही बदलला. यातल्या एका लघुपटाचा प्रकार मी कधीच विसरणार नाही. १९५० सालच्या 'सॅटर्डे इव्हनिंग पस'मध्ये ही बाई शनिवारी संध्याकाळी नटूनथटून, दागिने घालून, मैत्रिणींच्या क्लबात पत्ते खेळायला निघते. मागे टॉम मित्रांना बोलावून धिंगाणा घालतो आणि झोपमोड झालेला जेरी तिला फोन लावतो. बारा वर्षांत तिला जे काही स्वतःचे आयुष्य मिळाले, त्यातला हा बहुधा सर्वात मोठा तुकडा होता. नव्या आवृत्तीत तिच्या जागी एक सडपातळ गोरी तरुणी नाचायला जाताना दिसते. ज्या बाईला चेहरा दिलेला नव्हता, तिचे पायही काढून घेतले गेले आणि त्यांच्याबरोबर तिची शनिवारची संध्याकाळही गेली.

१९९० च्या दशकात पुन्हा एक फेरफार झाला. पाय तेच राहिले, पण थिया विडाल या अभिनेत्रीकडून संवाद नव्याने बोलून घेतले गेले, जेणेकरून बोलीतली कुचेष्टा निघून जावी. पुढे जुन्या कार्टूनांच्या संचांवर इशारा छापण्याची पद्धत आली, आणि वॉर्नर ब्रदर्सच्या २००५ सालच्या एका संचात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी प्रेक्षकांसमोर येऊन सांगितले, की ही चित्रे तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण ती कापून टाकणे म्हणजे असे काही घडलेच नव्हते असे म्हणण्यासारखे आहे. मी त्यांच्या बाजूची आहे. मात्र मोठ्यांनी समजून पाहायची गोष्ट वेगळी आणि चार वर्षांच्या मुलापुढे लावून ठेवायची गोष्ट वेगळी, हेही मला मुलगी झाल्यावर कळले. १९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्सने वॉर्नरचे ११ लघुपट प्रसारणातून काढून घेतले. त्यांच्यात वर्णद्वेष असा मुरलेला आहे, की कुठे कात्री लावावी हा प्रश्नच उद्भवत नाही. ते लहान मुलांपुढे आले नाहीत याचे मला दुःख नाही.

त्याच १९६८ सालची दुसरी एक घटना मला पुन्हा पुन्हा आठवते. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. लॉस एंजेलिसमधल्या हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने त्यानंतर अकरा दिवसांनी 'पीनट्स' या वर्तमानपत्री चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिले आणि चार्ली ब्राऊनच्या सवंगड्यांत एखादे कृष्णवर्णीय मूल आणण्याची विनंती केली. शुल्झ यांना इच्छा होती, पण आपण उपकार करतो आहोत असे त्या समाजाला वाटेल की काय, अशी भीतीही होती. ग्लिकमन यांनी आपल्या कृष्णवर्णीय मित्रमंडळींनाही लिहायला लावले. ३१ जुलैला फ्रँकलिन वर्तमानपत्रात अवतरला. समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनचा हरवलेला चेंडू तो आणून देतो आणि दोघे वाळूचा किल्ला करू लागतात. त्याचे वडील व्हिएतनाममध्ये लढत असतात. दोन मुले, एक चेंडू, थोडी वाळू, एवढेच त्यात होते. पण त्याच काळात अमेरिकेतल्या किती किनाऱ्यांवर आणि पोहण्याच्या तलावांवर ही दोन मुले एकत्र जाऊ शकली असती, हे मनात आणले की त्या साध्या रेघांचे धैर्य कळते.

आणि तरीही 'पीनट्स'च्या १९७३ सालच्या दूरचित्रवाणीवरील विशेष भागात, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणाला, हाच फ्रँकलिन टेबलाच्या एका लांब बाजूला घडीच्या खुर्चीवर एकटा बसलेला आहे आणि बाकीची सगळी मंडळी समोरच्या बाजूला व टोकांना आहेत. मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला खटकले नव्हते. खरे तर माझे लक्षच गेले नव्हते. एका शेजारणीने, जी स्वतः कृष्णवर्णीय आहे आणि जिच्या घरात तो भाग दर नोव्हेंबरला लागत असे, तिने मला ते दाखवले. लहानपणी आपण त्या खुर्चीकडे पाहत जेवत असू, असे ती म्हणाली. रेखाटणाऱ्यांच्या मनात कदाचित काहीही नसेल. पण पंगतीत कोण कुठे बसले याचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वेगळी पंगत, अंगणातली पत्रावळ, कपबशी निराळी ठेवणारी घरे हे आपण जाणतो, आणि ज्याला वेगळे बसवले जाते त्याला ते पहिल्या घासालाच कळते.

फ्रँकलिनबद्दल आणखी एक गोष्ट मला सलते. लायनसला पांघरुणाशिवाय चैन पडत नाही, लूसी तापट आहे, श्रोडर पियानोपुढे जगाला विसरतो, आणि चार्ली ब्राऊनचे तर सारे अस्तित्वच अपयशावर उभे आहे. फ्रँकलिन मात्र अनेक वर्षे नुसता चांगला होता. समजूतदार, सभ्य, बिनचूक. एकुलता एक असल्यामुळे त्याच्यावर सगळ्या समाजाचे ओझे होते, आणि असे ओझे वाहणाऱ्याला खोड परवडत नाही. १९७० च्या दशकात शनिवारी सकाळच्या कार्टूनांत 'जोसी अँड द पुसीकॅट्स'मधली व्हॅलरी आली, मग 'फॅट अल्बर्ट'ची सबंध गल्लीच आली, तेव्हा कुठे एकापेक्षा जास्त कृष्णवर्णीय मुले एका चौकटीत दिसू लागली आणि त्यांना भांडण्याची, खोटे बोलण्याची, पस्तावण्याची मुभा मिळाली.

आपल्यासारख्यांचे काय, हेही सांगायला हवे. १९६४ सालच्या 'जॉनी क्वेस्ट'मध्ये कोलकात्याचा हाजी होता. फेट्यावर रत्न, तोंडी 'सिम सिम सलाबिम' असा मंत्र, जो भारतातल्या कुठल्याच भाषेतला नाही. तरी तो शूर होता, जॉनीचा भाऊच मानला गेला होता, आणि सांगलीत बसून आम्ही त्याच्यावर खूश होतो. 'द सिम्प्सन्स' या कार्टूनमधल्या अपू या भारतीय दुकानदाराने मात्र इथे वाढलेल्या भारतीय मुलांना छळले. त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा होता. हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७ मध्ये अपूवर माहितीपट करेपर्यंत बहुतेकांना यात काही गैर आहे असे वाटले नव्हते. २०२० च्या आरंभी अझारियांनी तो आवाज देणे सोडले. माझ्या पहिल्या नोकरीत एक सहकारी मला रोज संध्याकाळी निरोप देताना अपूचे वाक्य अपूच्याच हेलात म्हणत असे. तो मनाने वाईट नव्हता, आणि म्हणूनच त्याला थांबवायला मला दोन वर्षे लागली.

आता पोलीसमालिकांकडे येते. कार्टून सकाळी मुले पाहतात आणि या मालिका रात्री आईबाप पाहतात, पण कुणावर भरवसा ठेवायचा आणि कुणाला भ्यायचे हे दोन्हीकडे शिकवले जाते, म्हणून मला त्या एकाच घरातल्या दोन खोल्या वाटतात.

१९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेली जॅक वेब यांची 'ड्रॅगनेट' ही या घराण्याची मूळ पुरुष. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने वेब यांना प्रकरणे दिली, मोटारी दिल्या, सल्ला दिला, आणि बदल्यात पटकथा खात्याच्या नजरेखालून जात. त्या शहरातले कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे रहिवासी ज्या खात्याच्या दंडेलीबद्दल तक्रारी करत होते, ते खाते पडद्यावर शांत, काटेकोर आणि निःपक्ष दिसत होते. १९६५ मध्ये वॉट्स या तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत उद्रेक झाला, तेव्हा ज्यांनी शहराला फक्त 'ड्रॅगनेट'मधून ओळखले होते त्यांना त्याचे कारण उमगणे कठीण होते. तीनच वर्षांनी 'द मॉड स्क्वॉड'मध्ये लिंक हेज आला. वॉट्सच्या दंगलीत अटक झालेला कृष्णवर्णीय तरुण, ज्याला पोलीस आपल्यात घेतात. ही कल्पना मला एकाच वेळी उदार आणि सोयीची वाटते. १९८१ च्या 'हिल स्ट्रीट ब्लूज'पासून पथकात निरनिराळ्या वर्णांची माणसे असणे रूढ झाले, आणि नव्वदीत पथकाचा वरिष्ठ कृष्णवर्णीय असणे जवळजवळ संकेतच ठरला. त्या वरिष्ठाने दारातून डोकावून दोन वाक्ये बोलायची आणि गोष्ट पुढे गोऱ्या गुप्तहेरांनी न्यायची, हाही संकेत होता. म्हणजे पोलीसमालिकांत चेहरे कार्टूनांपेक्षा लवकर आले. त्या चेहऱ्यांमागे मन असायला आणखी वेळ लागला.

माझ्या मते ते मन पहिल्यांदा पुरतेपणी दिसले ते बाल्टिमोरमध्ये. मी या शहराच्या उपनगरात २०११ पासून राहते, त्यामुळे माझा पक्षपात वाचकांनी गृहीत धरावा. 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' ही मालिका १९९३ ते १९९९ या काळात चालली. बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात गुन्हेवार्ता लिहिणाऱ्या डेव्हिड सायमन यांच्या पुस्तकावर ती आधारलेली होती आणि इथल्याच रस्त्यांवर चित्रित होत असे. फेल्स पॉइंटच्या धक्क्यावरची १९१४ सालची लाल विटांची इमारत मालिकेत पोलीस मुख्यालय म्हणून दाखवली जाई. आता तिथे महागडे हॉटेल आहे. मी पहिल्यांदा ती मालिका पाहिली ती डीव्हीडीवर, रात्री उशिरा, आणि फ्रँक पेम्बल्टन हा माणूस माझ्या मनातून तेव्हापासून गेलेला नाही. आंद्रे ब्राउअर यांनी साकारलेला हा कृष्णवर्णीय गुप्तहेर गर्विष्ठ आहे, एकलकोंडा आहे, जेझुइट पाद्र्यांकडे शिकलेला आणि देवाशी भांडणारा आहे. त्याला फ्रँकलिनसारखे चांगले असण्याची सक्ती नाही.

१९९४ सालच्या एका भागात एका कृष्णवर्णीय तरुणाचा गोळी लागून मृत्यू होतो आणि पेम्बल्टनचा संशय पोलिसांवरच असतो. त्याचा वरिष्ठ जिआर्डेलो, जो इटालियन बाप आणि कृष्णवर्णीय आई यांचा मुलगा आहे, त्याला आधी वस्तीतल्या लोकांकडे पाहायला सांगतो. मग पेम्बल्टन मृताच्या मित्राला चौकशीच्या खोलीत घेऊन बसतो. तो ओरडत नाही. खुर्ची जवळ ओढतो, आवाज खाली आणतो, आणि मित्राच्या मरणाचे दुःख हळूहळू त्या पोराच्या अपराधात बदलत नेतो. शेवटी न केलेल्या खुनाचा कबुलीजबाब तो पोरगा रडत रडत देतो. पेम्बल्टन तो कागद वरिष्ठापुढे ठेवतो: तुम्हाला हवा होता ना, हा घ्या. खोलीत तीन कृष्णवर्णीय माणसे आहेत, तिघांची सत्ता निराळी आहे, आणि खाते कसे चालते हे त्या तिघांच्या चेहऱ्यांवर वाचता येते. वर्णाबद्दल भाषण कुणीच करत नाही.

१२ एप्रिल २०१५ रोजी बाल्टिमोरमध्ये फ्रेडी ग्रे या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी पकडले. पोलिसांच्या गाडीत त्याच्या मणक्याला इजा झाली आणि १९ एप्रिलला तो गेला. त्याच्या अंत्यसंस्कारानंतर शहर पेटले, संचारबंदी लागली, आणि आमच्या उपनगरातल्या निवांत रस्त्यावर उभे राहून आम्ही हेलिकॉप्टरांचा आवाज ऐकत होतो. आरोप ठेवलेल्या सहा पोलिसांपैकी तीन कृष्णवर्णीय होते. महापौर, पोलीस आयुक्त आणि सरकारी वकील, तिघेही कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी जुलैपर्यंत कुणालाही शिक्षा न होता सगळे खटले संपले. त्या दिवसांत मला जिआर्डेलोपुढे ठेवलेला तो कागद सारखा आठवत होता. वर्दीतला माणूस कुठल्या रंगाचा आहे यावर आम्ही मालिकांत इतका भर देत आलो, आणि वर्दी त्या माणसाकडून काय करून घेते हे दाखवणारा भाग एकवीस वर्षांपूर्वी येऊन गेलेला होता.

हे सगळे लिहिणारे कोण असतात, हा प्रश्न मग अटळ होतो. 'कलर ऑफ चेंज' या संघटनेने २०२० च्या जानेवारीत एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०१७-१८ च्या हंगामातल्या २६ गुन्हेमालिका अभ्यासल्या होत्या. त्यांपैकी २१ मालिकांची सूत्रे गोऱ्या पुरुषांच्या हाती होती. पडद्यावर पथक कितीही रंगीबेरंगी असो, गोष्ट जिथे सुचते त्या टेबलाभोवतीची माणसे एकाच आळीतली होती. पुन्हा टेबल आणि पुन्हा खुर्च्याच.

त्याच वर्षी मार्चमध्ये, टाळेबंदीने आम्हाला घरात कोंडले त्याच आठवड्यांत, माझ्या चार वर्षांच्या मुलीला 'मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह' सापडली. जलपूर नावाच्या कल्पित राज्यातली सामान्य घरातली मुलगी, जिला राणी आपली गुप्तहेर नेमते. कार्टूनही आणि तपासकथाही. आवाज देणारे जवळजवळ सगळे दक्षिण आशियाई वंशाचे, आणि राणीचा आवाज आमच्या मुंबईच्या फ्रिडा पिंटो यांचा. जलपूर म्हणजे अर्धे राजस्थान आणि अर्धी कुठलीशी मिठाईची पेटी आहे, त्यात मराठी वळणाचे काही शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही, हे मला दिसते. पण माझी मुलगी भिंग हातात घेऊन आजीचा हरवलेला चष्मा व्हिडिओ कॉलवर शोधू लागली, आणि "मी मीरा आहे" असे म्हणताना तिला कोणताही हेल काढावा लागला नाही, तेव्हा मला भरून आले. त्या कार्टूनमधली बरीचशी कोडी हरवलेल्या वस्तूंची आणि गैरसमजांची असतात. मीरा लोकांना विचारते आणि त्यांचे ऐकून घेते.

२५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारले. खऱ्या पोलिसांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारा, १९८९ पासून चाललेला 'कॉप्स' हा कार्यक्रम त्याच्या वाहिनीने जूनमध्ये बंद केला. 'ब्रुकलिन नाइन-नाइन' या विनोदी पोलीसमालिकेच्या मंडळींनी तयार असलेले चार भाग बाजूला टाकून नव्याने लिहायला घेतले. त्या मालिकेतला कॅप्टन होल्ट म्हणजे तेच आंद्रे ब्राउअर, पुन्हा वर्दीत. २०२३ च्या डिसेंबरात, वयाच्या ६१ व्या वर्षी ते गेले, त्या रात्री मी चौकशीच्या खोलीतला तो प्रसंग पुन्हा पाहिला.

२०२४ मध्ये फ्रँकलिनवर स्वतंत्र विशेष भाग निघाला. पटकथेत रॉब आर्मस्ट्राँग यांचा हात होता. शुल्झ यांनी फ्रँकलिनला आडनाव दिले ते याच कृष्णवर्णीय व्यंगचित्रकाराचे, त्यांची परवानगी घेऊन. शेवटाकडे मुले एका टेबलाशी बसतात, फ्रँकलिन पूर्वीसारखाच एका बाजूला एकटा, आणि मित्र त्याला आपल्या बाजूला बोलावतात. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने जुना भाग पाहिलेला नव्हता, म्हणून मी तिला तोही दाखवला. मग विषय निघालाच होता तर सांगलीच्या मावशींची आणि त्या पायांची गोष्टही सांगितली. तिने मावशींचाच प्रश्न विचारला, शुद्ध भाषेत.

'सॅटर्डे इव्हनिंग पस'च्या मूळ आवृत्तीत, जेरीचा फोन आल्यावर ती बाई क्लबातून तरातरा घराकडे धावत निघते आणि धावता धावता थेट आपल्यासमोर येते. आम्ही दोघींनी तो भाग लॅपटॉपवर लावला, आणि मी एकेक चौकट थांबवत पुढे गेले. पाय, घागऱ्याचा घोळ, पुन्हा पाय. आणि मग मोजक्या चौकटींपुरता, नेहमीच्या वेगात पापणी लवेपर्यंत निघून जाणारा तिचा चेहरा. पत्त्यांचा डाव अर्धवट सोडून आलेली, रागावलेली, घाईत असलेली एक बाई. मी त्या चौकटीचा फोटो काढला. मावशींचा मुलगा आता मिरजेला रिक्षा चालवतो, त्याचा नंबर आईकडे आहे. मावशी थकल्या आहेत, पण डोळे चांगले आहेत म्हणे. फोटो मी त्याला पाठवला आणि खाली लिहिले, की आईला दाखव, आणि सांग, तुम्ही विचारलं होतं ना, ते हे तोंड.